जागं हाय का कोण?

सारजाबाई माढ्याहून सकाळच्या एसटीनं आली ती भांडणाच्या तयारीनंच. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "कुटं हाय तो टीव्हीवाला?"

"यायलाय की आक्का. टेंभुर्णी सोडली म्हणून आत्ता फोन आलता," भीमाबाई म्हणाली. "आदी पाणी तर घ्या."

"पाणी ऱ्हाऊ दे. ईश्वर कसा हाय ते सांग. बोलला का काय?"

"न्हाय."

"आजून न्हाय?"

"च्या पायजे आसंल तर कप वाजवतेत. जेवायला पायजे आसंल तर ताट."

"आन् भन आलीय म्हणल्यावर काय वाजवंल?"

भीमाबाईला एकदम हसू फुटलं. नणंदेचा चेहरा बघून तिनं ते गिळलं आणि पाण्याचा तांब्या आणायला आत वळली.

महिनाभर घर असं होतं. दोन वर्षांपूर्वी ईश्वरच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, माणूस वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. 'ईश्वर शिवशरण आणि पार्टी' एवढं फलकावर लिहिलं की बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत भीमजयंतीच्या गाण्यांचे मांडव भरायचे. त्याच ईश्वरच्या तोंडून आता नुसती हवा यायची. शब्द कळायचा, सूर नसायचा. तेही त्यानं सोसलं होतं. सकाळी विहारात जायचा, चार माणसांत बसायचा, हवेच्या आवाजात का होईना, वाद घालायचा.

आणि मग पोटच्या पोरानं टीव्हीवर ते वाक्य म्हटलं.

'जागं हाय का कोण?' हा धम्मदीपचा कार्यक्रम रात्री उशिरा लागायचा. कोट घातलेला धम्मदीप, मागं दिव्यांचं शहर, कोपऱ्यात वाजवणारी चार माणसं. त्या दिवशी तो हसत हसत म्हणाला होता, "आमचे दादा गायचे तेव्हा तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या. आता ते चहा मागतात, तर आईला वाटतं, दारात कुणीतरी सायकलला हवा भरतंय."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीवर कुणीतरी, वाईट मनानं नसेलही, ईश्वरला विचारलं, "काय दादा, हवा बरूबर हाय न्हवं?" ईश्वर तिथूनच माघारी वळला. घरी आला, आतल्या खोलीत खुर्चीवर बसला आणि त्यानं तोंड मिटलं ते आजतागायत.

आता तोच कार्यक्रम सोलापुरात व्हायचा होता. उद्या, रविवारी, मोठ्या नाट्यगृहात. आणि धम्मदीपचा फोनवर निरोप होता की दादांनी पाहुणे म्हणून शेजारच्या सोफ्यावर बसावं.

"सोफ्यावर!" सारजाबाई पाणी पिऊन म्हणाली. "आदी बापाची सायकल केली. आता वर बसायला बोलावतोय."

तेवढ्यात दिपक आला. ईश्वरचा धाकटा भाऊ, पार्टीतला ढोलकीवाला. केस पांढरे झाले तरी बोलताना बोटं मांडीवर वाजत राहायची.

"जय भीम आक्का. आलीस व्हय? बरं झालं. ह्या घरात कोणतरी बोलणारं पायजे."

"तूच बोल आदी. पोराला तूच बिगाडलंस," सारजाबाई म्हणाली. "ईश्वर त्याला पेटी शिकवायचा, आन् तू नकला."

"मी बिगाडलं?" दिपकला खरं तर ते आवडलं होतं. तो ऐसपैस मांडी घालून बसला. "आक्का, पोराची जीब माझी हाय, ते मी कवाच म्हणलोय. टेंभुर्णीला लाईट गेली तवा काय झालं? माईक बंद, पेटीचा सूर लांबवर जाईना. लोक उटायला लागले. दादा नुसता घाम पुसायलाय. तवा हे पोरगं उटलं आन् बिनमाईकचं बोलाय लागलं. माणूस हालला न्हाय जागचा. ती कुणाची करामत? मी त्याला मागनं नुसता ठेका दिऊलालतो."

"आन् मंग ईश्वरनं टेंपोजवळ त्याला झापलं ते न्हाय सांगत!"

"झापलं की. 'आपण बाबासाहेबांच्या मिशनचं काम करतो, बहुरूप्याचं न्हाय' म्हणला. दुसऱ्या महिन्यात पोरगं कीबोर्ड घिऊन मुंबईला. माझं म्हणणं हाय, दादानं झापलं नसतं तर आज पार्टी त्यानंच चालवली आसती."

"म्हंजी आता चूक ईश्वरची?"

भीमाबाई दाराच्या चौकटीला टेकून दोघांचं ऐकत होती. टेंभुर्णीची गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकली होती की ती खरी कशी घडली होती तेच आता आठवत नव्हतं. पण तिला कायम एक कोडं पडायचं. झापलं म्हणून पोरगं गेलं असेल, तर गाणं टाकून का गेलं नाही? कीबोर्ड घेऊनच गेलं की. मुंबईत लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, दुसऱ्यांच्या गाण्यांना चाली बांधून दिल्या. मग ह्याच कार्यक्रमात, कोपऱ्यातल्या चौघांत, वाजवायला लागलं. तेव्हा मधल्या खुर्चीवर दुसराच कुणी बसायचा. तो कधीमधी कोपऱ्याकडं बघून विचारायचा, "काय सोलापूर, झोपलात का?" धम्मदीप तोंडानं काही बोलायचा नाही, कीबोर्डवर अंगाईचे दोन सूर वाजवायचा. लोक हसायचे. मग एकदा त्यानं तोंडानं उत्तर दिलं. मग लिहिणाऱ्यांनी त्याला एक वाक्य दिलं, त्यानं ते बाजूला ठेवून स्वतःचंच म्हटलं. पुढं मधल्या खुर्चीवरचा माणूस सिनेमात गेला, आणि चॅनलनं दोघातिघांना बसवून बघून शेवटी कोपऱ्यातल्याला मधे आणलं.

एवढं सगळं तिला ठाऊक होतं. पण कीबोर्डवरची बोटं कधी थांबली, आणि का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. फोनवर असलं विचारायचं नसतं.

गाडी आली तसे शेजारचे दारात जमा झाले. अक्कलकोटकडची गुरम्मा तर कडेवर नातू घेऊन थेट आतच आली आणि "बंदा नोड, टीव्ही बंदा," आला बघ, टीव्ही आला, असं त्या नातवाला कानडीत दाखवायला लागली. धम्मदीपनं पहिल्यांदा आईचे पाय धरले, मग आत्याचे. सारजाबाईनं पाय मागं घेतले, पण फार मागं घेतले नाहीत.

त्याच्यासोबत एक मुलगी होती, कानात तार, हातात जाड फाईल. "ही पायल. कार्यक्रमाचं सगळं ही बघते," धम्मदीप म्हणाला.

"सगळं म्हंजी काय?" भीमाबाईनं विचारलं.

"म्हणजे कोण कधी येणार, कुठं बसणार, काय विचारायचं, ते," पायल म्हणाली.

"आन् लोक कवा हसणार ते?"

पायल थांबली. "ते नाही काकू. ते आमच्या हातात असतं तर फार बरं झालं असतं."

भीमाबाईला पोरगी आवडली. तिला स्वयंपाकघरात नेऊन तिनं भाकरी थापता थापता एकेक शंका बाहेर काढली. रात्रीचा कार्यक्रम उद्या दुपारी कसा काय ठेवलाय? तर म्हणे नेहमीच दुपारी असतो, रात्री नुसता दाखवतात. मग मागं काचेतनं दिसतं ते रात्रीचं शहर? तो पडदा. एवढं सगळं धम्माच्या ध्यानात कसं राहतं? समोर एका काचेवर अक्षरं सरकत असतात, पण तो बघतो कमीच, मधेच आपलं काहीतरी घुसवतो आणि लिहिणारे डोक्याला हात लावतात.

"आन् जे आपलं घुसवतो," भीमाबाई परातीकडं बघतच म्हणाली, "त्याला लोक जास्ती हसतेत का कमी?"

"जास्त," पायल म्हणाली. "नेहमीच जास्त. ते सायकलचं वाक्यही लिहिलेलं नव्हतं. तेव्हाच आलं त्यांच्या तोंडात."

भीमाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले. ईश्वर आतून आला, खुर्ची भिंतीला लावून बसला. धम्मदीप त्याच्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी पेटी पुढ्यात घेऊन बसायचा तसाच, पण आता हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"दादा, माझं चुकलं असंल," तो म्हणाला. "पण मी हसं करायला न्हाय बोललो. उद्या तुमी या. लोकांना कळू दे ईश्वर शिवशरण कोण हाय ते."

ईश्वरनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं नजर लावली.

"त्याला काय कळवायचंय लोकांना?" सारजाबाई कडाडली. "उभा जन्म त्यानं गाऊन लोकांना जागं केलं. जवा गाडी न्हवती तवा सायकलवर पेटी बांधून गावोगाव गेला. आन् तू त्याला त्याच सायकलचा पंप केलास! आरं, बापाच्या दुखण्यावर हसवायचं? ही असली जीब तुला कुणी दिली?"

सगळ्यांच्या नजरा दिपककडं गेल्या. मघाशी ऐसपैस बसलेला दिपक आता आखडला.

"माझ्याकडं काय बघता? नकला शिकवल्या आसतील मी. सरपंचाच्या, फौजदाराच्या. दादाच्या कवा न्हाय केल्या. हे माझं न्हाय. हे मुंबईचं हाय. तिकडं आसलंच चालतंय."

"मघाशी तर जीब तुजी होती," सारजाबाई म्हणाली.

"काका, मुंबईचं न्हाय ते," धम्मदीप पुटपुटला.

"मंग कुणाचं?"

धम्मदीपनं खाली बघितलं. भीमाबाईला कळलं की तो सांगणार नाही. उद्या नाट्यगृहात हजार माणसांसमोर विचारलं तरी सांगणार नाही, सगळं आपल्या डोक्यावर घेईल आणि निघून जाईल. तिच्या मनात आलं, गप्प बसलं तर काय होईल? काही नाही. दिपकवर येईल, मुंबईवर येईल, महिन्या-दोन महिन्यांनी विरून जाईल. पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे ते बघायचीच तिला उत्सुकता वाटली.

"ते माझं हाय," ती म्हणाली.

"काय तुजं?" सारजाबाईनं विचारलं.

"सायकलचं. ते मी म्हणलेलं हाय. ह्यानं टीव्हीवर सांगितलं ते निम्मंच सांगितलं, आन् ते पण चुकीचं."

ईश्वरची नजर तसबिरीवरून निघाली आणि बायकोवर आली.

"दवाखान्यातनं आणलं तवाचं हाय," भीमाबाई म्हणाली. ती ईश्वरकडं बघत नव्हती, धम्मदीपकडंही नाही, मधल्या रिकाम्या जागेकडं बघून बोलत होती. "हा रोज मुंबईवरनं फोन करायचा, दादा कसं हायत म्हणून. मी माडीवर जाऊन बोलायचे. खरं सांगितलं आसतं तर मी हिकडं रडले आसते, हा तिकडं. मंग कामावर कसा गेला आसता? म्हणून मी त्याला रोज कायतरी हसण्यासारखं शोधून सांगायचे. ती एक गोष्ट खरीच घडली होती की. पैल्या दिवशी ह्यांनी च्या मागितला. मला वाटलं, दारात कोणतर सायकलला हवा भरायलंय. मी उटले, दार उघडलं. सायकल न्हाय, माणूस न्हाय. दार लावलं. परत हवा. परत उघडलं. तिसऱ्यांदा मी बाहीर जाऊन वरडले, 'कोण हाय रं, दुपारच्याला झोपू दे की आजारी माणसाला!' आन् आत आले तर हे आसे खाटंवर उटून बसलेले, आन् कप दाखवायलेत!"

हे सांगताना ती ईश्वर झाली होती. तिनं गाल फुगवून हवा सोडली, कप दाखवताना डोळे तसेच वटारले, जसे ईश्वर कोरस चुकल्यावर वटारायचा. पहिल्यांदा दाराशी अजून रेंगाळलेली गुरम्मा फिस्सकन हसली. मग दिपक. सारजाबाईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला, पण तिचं अंग गदगद हालायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. पायल फाईल मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली होती.

ईश्वर उठला. त्यानं कुणाकडंही न बघता चपला पायांत सरकवल्या आणि तो दाराबाहेर गेला.

हसणं जागच्या जागी विझलं.

"आता गं?" सारजाबाई म्हणाली. "कशाला बोललीस, भीमे?"

"खरं हुतं म्हणून."

"सगळं खरं बोलायचं आसतंय व्हय?"

"आक्का, तुमीच म्हणलासा, जीब कुणाची ते सांगा. सांगितलं."

सारजाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. एवढ्या वर्षांत ह्या भावजयीनं आपल्याला असं उत्तर कधी दिलं नव्हतं, की दिलं होतं आणि आपल्याला ऐकू आलं नव्हतं, असा काहीतरी हिशेब तिच्या चेहऱ्यावर चालला होता. मग ती दिपकला म्हणाली, "तू काय बसलायस? जा भावामागं. बोलू नको, नुसता मागं जा."

दिपक गेला. पायलनं हळूच विचारलं, "काकू, उद्या तुम्ही याल?"

"मी?"

"दादा नाही आले तर कोणी नको, असं धम्मदीप म्हणत होता. पण मला वाटतं, तुम्ही या."

"माझ्या आईला नको त्यात ओढू," धम्मदीप म्हणाला.

"का?" भीमाबाईनं वळून विचारलं. "मी आल्यावर तुजं कायतरी बिगडतंय का?"

तो हसला, आणि भीमाबाईच्या लक्षात आलं की पोरगं घाबरलंय.

ईश्वर दिवे लागायच्या सुमाराला परतला. भीमाबाईनं न मागताच चहा पुढं ठेवला आणि समोर बसली. "मी उद्या जाणार हाय," ती म्हणाली. "मला ते बघायचं हाय कसं चालतंय. तुमी यायचं तर या, न्हाय तर घरात बसा. मी जे म्हणले ते तुमचं हसं करायला न्हवतं. त्या दिवसांत हसले नसते तर तुमच्या आदी मीच गेले आसते."

ईश्वरनं चहा घेतला. कप खाली ठेवताना त्यानं तो वाजवला नाही. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी न्यायला आली तेव्हा भीमाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून बाहेर आली, तर ईश्वर आधीच पुढच्या सीटवर बसला होता. पांढरा सदरा, वर काळं जाकीट, कार्यक्रमाला घालायचा तेच. सारजाबाईनं भीमाबाईला कोपरानं ढोसलं. दोघी मागं बसल्या, मधे दिपक. नाट्यगृह येईपर्यंत त्याची बोटं मांडीवर वाजत होती.

आतलं सगळं भीमाबाईनं डोळे भरून बघितलं. पायल म्हणाली होती तसंच होतं, पडदा, सरकती अक्षरं, लोकांना टाळ्यांचा सराव देणारा एक जाडसर माणूस. तिच्या साडीला त्यांनी बटणाएवढा माईक लावला. पार्टीत तिच्यासकट कोरसच्या चार बायकांत मिळून एक माईक असायचा, तोही मागं, आणि त्यात कुणाचा आवाज कोणता ते त्यांचं त्यांना कळायचं नाही. "ह्यात बोललेलं सगळं ऐकू जातंय?" तिनं माईक लावणाऱ्या पोरीला विचारलं. "श्वाससुद्धा," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या चौघांनी वाजवायला सुरुवात केली. धम्मदीपनं "जागं हाय का कोण?" अशी हाळी दिली आणि सगळं सोलापूर "हाय की!" म्हणून ओरडलं. त्यानं महापालिकेवर, उन्हावर, मुंबईत शेंगाचटणी म्हणून काय विकतात त्यावर लोकांना हसवलं. मग त्यानं आईचं नाव घेतलं.

भीमाबाई दिव्यांत आली, सोफ्यावर बसली. समोर काळोख होता, फक्त पहिली रांग दिसत होती. सारजाबाई, दिपक, आणि ईश्वर, हात मांडीवर ठेवून ताठ बसलेला. समोरच्या टेबलावर दोन कप होते. तिनं एक उचलून आत बघितलं.

"ह्यात कायच न्हाय की."

लोक हसले. धम्मदीप म्हणाला, "आई, तो दाखवायचा असतो."

"मंग मघापासनं तू काय प्यायलायस?"

ह्या वेळचं हसू बराच वेळ चाललं. भीमाबाई थांबली. ते ओसरायला लागलं की मग बोलायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण पंचवीस वर्षं ती कोरसमधे थांबतच आली होती.

धम्मदीपच्या हातात पायलनं दिलेली प्रश्नांची कार्डं होती. त्यानं पहिलं वर काढलं, वाचलं, आणि खाली ठेवलं. दुसरं काढलं. त्याचा आवाज येईना. समोरच्या काचेवर अक्षरं सरकत होती आणि तो ती वाचत नव्हता.

"मी इच्यारू का?" भीमाबाई म्हणाली.

"विचार की."

"तू गाणं का सोडलास?"

कुणी हसलं नाही. हा प्रश्न कार्डांवर नव्हता. धम्मदीपनं पहिल्या रांगेकडं एकदा बघितलं आणि मग आईकडं वळला, सगळा, खुर्चीसकट.

"काका म्हणतात दादांनी झापलं म्हणून. आत्या म्हणते काकांनी बिघडवलं म्हणून. तसं न्हाय, आई. मी लहान होतो तवा कोरसमधे तुझ्या मांडीला मांडी लावून बसायचो. दादा कडवं म्हणायला लागले की तू माझ्या कानाला लागायचीस. 'तो दुसऱ्या रांगेतला पाव्हणा बग, जांभई पण द्यायलाय आन् टाळ्या पण वाजवायलाय. त्या अध्यक्षाला बग, हार घालून घेतला आन् झोपला, आता हार काढायचा कुणी.' दादा एवढं मोठं गायचे, मांडव हालायचा. आन् मी ते ऐकतच नसायचो. दादांचं गाणं मला पाठ होतं. तू पुढं काय म्हणशील ते मला कवाच ठाऊक नसायचं." त्यानं हातातली कार्डं टेबलावर ठेवली. "मुंबईला पण कीबोर्डवर बसून मी तेच शोधायचो. आपल्या शेजारी कोण काय म्हणतंय. गाणं कवा सुटलं, माझं मलाच कळलं न्हाय."

भीमाबाईला वाटलं होतं की उत्तरात कुणाचातरी दोष असेल. ती उत्तराला तयार होती, पण ह्या उत्तराला नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि बटणाएवढ्या माईकमधून तिचा श्वास सगळ्या नाट्यगृहात ऐकू गेला.

तेवढ्यात पहिल्या रांगेत काहीतरी हाललं. ईश्वर उभा राहिला होता. त्याचे ओठ हालले. सारजाबाई आणि दिपक एकदम हसले, त्यांच्या मागची रांग हसली, आणि त्याच्या मागचे विचारायला लागले, "काय म्हणले? काय म्हणले?" प्रेक्षकांत फिरणारा माईकवाला धावत आला. त्यानं माईक ईश्वरच्या तोंडापुढं धरला.

ईश्वरनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. बोटानं दोनदा टकटक केलं. मग सवयीनं ओठांपासून चार बोटं लांब धरला, आणि आपल्या हवेच्या आवाजात, शब्द शब्द सुटा करून म्हणाला,

"आता कळलं, माझा कोरस पंचवीस वर्षं मागं का पडत होता."

नाट्यगृह फुटलं. दिपक खुर्चीवर बोटं बडवायला लागला. धम्मदीपनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, आणि भीमाबाई सोफ्यावर बसल्या बसल्या रडत होती, हसत होती, आणि त्याच वेळी नवऱ्याकडं निरखून बघत होती, कारण त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते तिनं दोन वर्षांत बघितलं नव्हतं. तो हसू ओसरायची वाट बघत होता. त्याला अजून बोलायचं होतं.

माईकवाल्यानं माईक परत घ्यायला हात पुढं केला. ईश्वरनं तो दिला नाही.